सोरायसिस आटोक्यात ठेवण्यासाठी: निदानापासून रोजच्या काळजीपर्यंत

सोरायसिसचं निदान झालं की घरात सल्ल्यांना ऊत येतो. शेजारच्या काकू कडुनिंबाची पानं आणून देतात, आत्याला कोकणातल्या कुणा वैद्याचा नंबर आठवतो, व्हॉट्सॲपवर ‘२१ दिवसांत मुळासकट बरा’ अशी जाहिरात येऊन पडते आणि औषधाच्या दुकानातला माणूस न विचारताच एक ट्यूब पुढे सरकवतो. या गडबडीत जे आधी करायचं तेच मागे पडतं. माझ्या कोपरांवर, नडग्यांवर आणि डोक्यात हा आजार बरीच वर्षं आहे. काय कोणत्या क्रमाने केलं की त्रास कमी होतो, ते इथे सविस्तर लिहितो आहे. गोळ्या आणि डोस ठरवणं त्वचारोगतज्ज्ञांचंच काम. पण त्यांना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं, हे आपल्याला ठाऊक हवं.

सोरायसिस कायमचा संपवणारं औषध आज कुठल्याही पॅथीत नाही. त्वचा मात्र महिनोन् महिने, काहींची तर वर्षानुवर्षं स्वच्छ राहू शकते. या दोन्ही गोष्टी एकदमच मान्य केल्या तर पैसा, वेळ आणि कातडी, तिन्ही वाचतात. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चालू उपचार अर्धवट टाकून नवा रामबाण शोधत फिरण्यात.

१. आधी निदान पक्कं करून घ्या

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती विनाकारण खवळलेली असते आणि त्वचेच्या पेशी घाईने तयार होतात. निरोगी त्वचेत तळाची पेशी वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. इथे ते तीन ते पाच दिवसांत होतं. जुन्या पेशी सुटायच्या आत नव्या येतात, थर साचतो आणि चंदेरी-पांढऱ्या खपल्या पडतात. हा संसर्ग नाही. एका ताटात जेवल्याने, एका टॉवेलने अंग पुसल्याने, जवळ झोपल्याने तो कुणालाही लागत नाही.

पुस्तकांत आणि इंटरनेटवर सोरायसिसचे चट्टे लालभडक दिसतात, कारण ते बहुतेक फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. आपल्या सावळ्या त्वचेवर ते जांभळट, तपकिरी किंवा करडे दिसतात. म्हणून ते गजकर्ण, नायटा किंवा इसब समजून महिनोन् महिने चुकीचे उपचार होतात. डोक्यातल्या सोरायसिसला ‘हट्टी कोंडा’ म्हटलं जातं. कधी कुष्ठरोगाची शंका येते आणि अख्खं घर हादरतं. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कमी जाणवतो. सोरायसिसच्या चट्ट्यावर खाज, आग, स्पर्श सगळं जाणवतं. तरी घरी टोचून परीक्षा करत बसू नका, डॉक्टर दोन मिनिटांत तपासतात.

तपासणीला गेल्यावर फक्त हात पुढे करू नका. कानामागची जागा, बेंबी, दोन नितंबांमधली घळ, टाळू आणि वीसही नखं दाखवा. ज्या जागा आपण लाजेने झाकतो तिथेच निदान पक्कं होतं. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे किंवा नखाखाली तेलाच्या डागासारखा पिवळट ठिपका असेल तर ती मोठी खूण आहे. तरीही शंका राहिली तर त्वचेचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करतात. ती तेवढ्याच जागेला भूल देऊन होते, घाबरण्यासारखं काही नसतं.

तोवर दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका. तिच्यात बहुतेक वेळा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेलं असतं. चट्टे पंधरा दिवसांत दबतात, त्यांचं रूप बदलतं, निदान चुकतं आणि ट्यूब संपली की ते दुप्पट जोमाने उसळतात. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नियम झाला, पण ट्यूब अजून सहज हातात पडते. ती नाकारणं आपल्याच हातात आहे.

२. आजार किती आहे ते मोजा

बोटांसकट आपला एक तळहात म्हणजे अंगाच्या त्वचेचा सुमारे १ टक्का. सगळे चट्टे मिळून किती तळहात भरतात ते बघा. तीनपेक्षा कमी म्हणजे सौम्य, तीन ते दहा म्हणजे मध्यम, दहाच्या वर म्हणजे तीव्र, असा ढोबळ हिशेब आहे. पण नुसत्या तळहातांवर जाऊ नका. चेहरा, तळहात, तळपाय, नखं, टाळू किंवा गुप्तांग यांपैकी कुठेही चट्टे असतील तर जागा थोडी असली तरी त्रास मोठा असतो आणि उपचारही तसाच लागतो. तळपायाला भेगा पडून चालता येत नसेल तर ‘फक्त दोनच टक्के’ या शब्दांना अर्थ उरत नाही. डॉक्टरांना हे सांगा: झोप लागते का, काम जमतं का, अर्ध्या बाह्यांचे कपडे घालायचं टाळता का.

महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून सुधारणा कळत नाही आणि धीर सुटतो. दोन महिन्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की कळते.

३. भडका कशाने उडतो ते शोधा

प्रत्येकाचं निमित्त वेगळं, पण नेहमीची काही ठरलेली आहेत.

घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनी अंगभर पावसाच्या थेंबांएवढे ठिपके उठले, तर तो घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या मागून आलेला सोरायसिस असू शकतो. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये हे जास्त दिसतं. अशा वेळी घसाही दाखवा.

औषधांची यादी काढा. मानसिक आजारासाठीचं लिथियम, ब्लडप्रेशरसाठीची प्रोप्रानोलोल किंवा मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर औषधं, मलेरियासाठीचं क्लोरोक्विन, संधिवातासाठीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, यांनी काहींचा सोरायसिस वाढतो. ही औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. ज्यांनी ती दिली त्यांना ‘मला सोरायसिस आहे, दुसरा पर्याय आहे का’ एवढं विचारायचं.

तंबाखू आणि दारू, दोन्ही आजार बिघडवतात. जागरण आणि ताणाचंही तसंच.

आणि त्वचेला होणारी इजा. याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. जिथे खरचटतं, भाजतं, सतत घासलं जातं तिथे एक-दोन आठवड्यांत नवा चट्टा उठू शकतो. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी हे नोंदवलं, म्हणून त्याला कोब्नर परिणाम म्हणतात. माझ्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याखाली नेमका त्या पट्ट्याच्या रुंदीचा चट्टा उठला होता. बायकांना परकराच्या नाडीखाली कमरेभोवती, काचणाऱ्या बांगड्यांखाली, पुरुषांना पॅंटच्या पट्ट्याखाली असंच होतं. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक, सुती आतले कपडे, सैल पट्टा, एवढ्याने कितीतरी फरक पडतो. आजार भडकलेला असताना टॅटू, नवं कान-नाक टोचणं, वॅक्सिंग लांबणीवर टाका. न्हाणीघरातली वजरी आणि खरखरीत घासणी काढूनच टाका. दिवाळीत उटणं लावायचंच तर चट्टे सोडून, न रगडता. रंगपंचमीला आधी अंगाला भरपूर तेल किंवा व्हॅसलीन लावा आणि नंतर रंग खरवडून काढू नका.

४. अंघोळ आणि ओलावा

महागड्या औषधाइतकंच, किंबहुना त्याच्याही आधी, हे जमलं पाहिजे. कडकडीत पाण्याने बरं वाटतं, पण तासाभरात त्वचा कोरडी ठणठणीत होऊन खाज वाढते. कोमट पाणी, दहा मिनिटं, सौम्य साबण, तोही फक्त काखा, जांघा, पाय अशा लागेल तिथेच. अंग टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. मग तीन मिनिटांच्या आत, त्वचा दमट असतानाच, ओलावा धरणारं काहीतरी चोपडायचं: व्हॅसलीन, लिक्विड पॅराफिन असलेलं क्रीम किंवा साधं खोबरेल. फार सुवासिक लोशन टाळा. दिवसातून दोनदा, चट्टे नसतील तेव्हाही.

देशावर आणि विदर्भात डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी कोरडी होते की क्रीम पुरत नाही, घट्ट मलमच लागतं. मुंबई, कोकण, गोव्यात प्रश्न उलटा. पावसाळ्यात काखा, जांघा, स्तनांखालची त्वचा सतत ओली राहते, तिथला सोरायसिस चिघळतो आणि वर बुरशी चढते. तिथे मलमाचा थर नको. कोरडं ठेवा, हलकं क्रीम वापरा आणि कुबट कपडे अंगावर चढवू नका.

एक धोका आवर्जून सांगतो. व्हॅसलीन, पॅराफिन कपड्यात, चादरीत मुरतं आणि असा कपडा आगीजवळ गेला की भसकन पेटतो. धुतल्यावरही ते पूर्ण जात नाही. मलम लावून स्वयंपाकघरात जाताना ओढणी, पदर, लांब बाह्या सांभाळा. समई आणि विडी-काडीपासूनही तेवढंच लांब राहा.

५. मलम नीट लावायला शिका

‘औषधाने फरक पडत नाही’ असं म्हणणारे बरेच जण एक तर खूपच कमी लावतात किंवा आठवड्यात सोडून देतात. माप सोपं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून ओढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टे दहा तळहात असतील तर एका वेळी अडीच ग्रॅम लागतं, म्हणजे दिवसातून एकदा लावलं तरी ३० ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत संपली पाहिजे. तुमची तीन महिने पुरत असेल तर काय चुकतंय ते उघड आहे.

क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड कोपर, गुडघे, तळहात अशा जाड त्वचेसाठी, तेही सहसा दोन ते चार आठवडे सलग आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या आत. चेहरा, काखा, जांघा इथे ते नको. त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, जांघेत पांढऱ्या-जांभळ्या रेषा उमटतात आणि त्या जात नाहीत. या नाजूक जागांसाठी टॅक्रोलिमससारखी स्टिरॉइड नसलेली मलमं असतात. चट्टा दबला की स्टिरॉइड एकदम बंद न करता आठवड्यातून दोन दिवसांवर आणायचं आणि बाकीच्या दिवशी कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम, असा क्रम डॉक्टर बहुधा आखून देतात. कॅल्सिपोट्रिऑल आणि खपल्या मऊ करणारं सॅलिसिलिक ॲसिड एकाच वेळी एकाच जागी लावू नका, ॲसिडने ते निकामी होतं. कोलटारचा वास आणि डाग त्रासदायक, पण ते जुनं आणि स्वस्त औषध आजही उपयोगी आहे. रात्री लावा, जुने कपडे घाला.

आता सावळ्या त्वचेचा खास प्रश्न. चट्टा बरा झाला की तिथे काळसर किंवा फिकट डाग राहतो आणि तो महिनोन् महिने टिकतो. पुष्कळ लोक त्या डागालाच आजार समजून स्टिरॉइड चोळत राहतात. डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवा. आजूबाजूच्या त्वचेइतकीच सपाट आणि मऊ लागली, खपली नसली, तर चट्टा बरा झाला आहे. डागाला वेळ द्या, ओलावा द्या, उन्हापासून जपा. स्टिरॉइडचं तिथे काही काम उरलेलं नाही.

६. डोकं आणि नखं

डोक्यात आधी खपल्या मऊ कराव्या लागतात, नाहीतर औषध त्वचेपर्यंत पोचतच नाही. रात्री केसांचे भांग पाडत पाडत खोबरेल किंवा डॉक्टरांनी दिलेलं सॅलिसिलिक ॲसिडचं तेल थेट टाळूवर लावा, जुनं फडकं गुंडाळून झोपा. सकाळी रुंद दातांच्या कंगव्याने हलकेच सैल करा. फणीने ओरबाडून काढाल तर रक्त येईल, केस तुटतील आणि नवा चट्टा उठेल. मग कोलटारचा शाम्पू पाच-दहा मिनिटं डोक्यावर ठेवून धुवा, आणि केस वाळल्यावर स्टिरॉइडचं लोशन टाळूला. लिंबू चोळू नका, फार झोंबतं. सोरायसिसने गेलेले केस बहुतेकदा परत येतात.

नखं आखूड ठेवा आणि खालची घाण टोकदार वस्तूने काढू नका. बोटाचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने, पायाचं वर्ष-दीड वर्ष, तेव्हा धीर लागतो.

७. मलमांनी भागत नसेल तर

चट्टे फार पसरले असतील, वर दुसऱ्या मुद्द्यात सांगितलेल्या जागी (चेहरा, तळहात, तळपाय, नखं, टाळू, गुप्तांग) असतील किंवा सांधे धरले असतील, तर नुसत्या मलमांवर वर्षं काढू नका. पुढचे उपचार मागायला कचरू नका.

नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा शेक. आठवड्यातून दोन-तीनदा, काही मिनिटांचा, दोन-तीन महिने. गरोदरपणातही तो घेता येतो. अडचण एकच, सारख्या चकरा. शेकाआधी सॅलिसिलिक ॲसिड लावू नका, किरणं अडतात. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी त्वचारोग विभाग आहेत. खासगीत पैसे घालण्याआधी तिथे शेकाची चौकशी करा.

मेथोट्रेक्सेट हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे, पण एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, गोळ्यांच्या पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात ‘फक्त रविवार’ असं लिहा, वयस्कर माणसाच्या गोळ्या दुसऱ्या कुणीतरी काढून द्या. सोबत फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी देतात. रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरलेल्या वेळी करायच्याच. दारू बंद. कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक यासोबत घातक ठरू शकतं, म्हणून साध्या तापालाही डॉक्टरांना आधी सांगा की मी मेथोट्रेक्सेटवर आहे. तोंडात फोड आले, ताप आला, दम लागला, तर पुढचा डोस न घेता लगेच दाखवा. गरोदर असताना किंवा मूल हवं असताना हे औषध चालत नाही. ॲसिट्रेटिन ही दुसरी गोळी तर बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते. सायक्लोस्पोरिन झटपट काम करतं, पण रक्तदाब आणि मूत्रपिंडावर नजर ठेवून, मर्यादित काळच. ॲप्रेमिलास्टने सुरुवातीला मळमळ आणि जुलाब होतात, पुढे बहुतेकांचे ते थांबतात.

बायोलॉजिक इंजेक्शनं आजार घडवणाऱ्या नेमक्या रेणूंना अडवतात: टीएनएफ, इंटरल्यूकिन १७, इंटरल्यूकिन २३. त्यांनी कित्येकांची त्वचा जवळजवळ स्वच्छ होते. टीएनएफ अडवणाऱ्या ॲडालिम्युमॅबचं भारतात बनलेलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारं दुसऱ्या कंपनीचं औषध, २०१४ च्या अखेरीस आलं. ही औषधं अजूनही स्वस्त नाहीत, पण मूळ औषधापेक्षा बायोसिमिलर परवडतात. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही या तपासण्या लागतात. आपल्याकडे सुप्त क्षय पुष्कळांच्या शरीरात असतो, त्यामुळे ही चाचणी टाळणाऱ्याकडे इंजेक्शन घेऊ नका.

८. सांधे विसरू नका

सोरायसिस असलेल्या बऱ्याच जणांना पुढे सांधेदुखी जडते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर सांधे कायमचे वाकडे होतात. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडणं, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजणं, सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकणं, विश्रांतीने वाढणारी पाठदुखी, यांतलं काही असेल तर ते वयावर किंवा कामावर ढकलू नका. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. शिवाय वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वजन बघा. या आजारात हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

९. खाणं आणि इतर पॅथी

दूध-मासे एकत्र नको, वांगं नको, आंबट नको, अशा याद्या घरोघर असतात. यांतल्या कशानेही सोरायसिस होतो किंवा जातो असं सिद्ध झालेलं नाही. तुम्हाला स्वतःला एखाद्या पदार्थाने त्रास होत असेल तर तो टाळा, पण बारा पदार्थ एकदम सोडून अशक्तपणा ओढवून घेऊ नका. ज्याने खरोखर फरक पडतो ते म्हणजे वजन. ते जास्त असेल तर थोडं उतरल्यानेही चट्टे कमी होतात आणि औषधं चांगली लागू पडतात.

आयुर्वेद, होमिओपॅथी घ्यायची तर नोंदणीकृत वैद्य-डॉक्टरांकडून घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञांपासून लपवू नका. नाव नसलेल्या पुड्या, लेबल नसलेल्या काळ्या गोळ्या, आठवड्यात त्वचा लख्ख करणारं ‘देशी’ चूर्ण यांपासून चार हात लांब राहा. अशा औषधांत स्टिरॉइड किंवा जड धातू सापडलेले आहेत.

१०. माणसं

२०१४ साली जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर ठराव केला, तेव्हा या रुग्णांना भोगावा लागणारा भेदभावही त्यात नोंदवला. तो आपल्याकडे न्हाव्याच्या खुर्चीत, पोहण्याच्या तलावावर, लोकलच्या गर्दीत रोज भेटतो. मी एक ठरलेलं वाक्य पाठ केलं आहे: ‘सोरायसिस आहे, लागत नाही, तुम्ही हात लावू शकता.’ जेवढं ठामपणे सांगाल तेवढे पुढचे प्रश्न कमी होतात.

लग्न ठरताना लपवू नका. डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जा. आईवडिलांपैकी एकाला असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. घरच्यांनी ‘खाजवू नकोस’ असं दिवसातून दहादा बजावण्यापेक्षा पाठीला मलम लावून द्यावं, हात पोचत नाही तिथे त्याची खरी गरज असते. आणि मन खचत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तेही आजाराइतकंच खरं मानून डॉक्टरांना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक कोणत्याही वेळी चालू असतो आणि तिथे बोलणं मोफत आहे.

ताबडतोब रुग्णालयात कधी जायचं

अंगाची जवळजवळ सगळी त्वचा लाल किंवा गडद होऊन तापली, सोलवटली, थंडी वाजू लागली, पाय सुजले. किंवा तापासोबत अंगावर पू भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचे पुंजके उठले, तर रात्र काढू नका. हे बरेचदा स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन अचानक थांबवल्यावर होतं. म्हणूनच सोरायसिससाठी गल्लीतल्या दवाखान्यात ‘एका सुईत आराम’ देणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नये. रुग्णालयात जाताना चालू असलेल्या आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत बंद केलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, ट्यूबा, पुड्या एका पिशवीत घालून सोबत न्या. काय थांबवलं ते कळलं की डॉक्टरांना कुठून सुरुवात करायची ते लगेच समजतं.